युद्धाचा ताळेबंद : वडगाव ते सालबाई

वाकडहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले, की देहूरोड, तळेगाव ही ठिकाणे मागे पडतात आणि पंचवीस-एक किलोमीटरवर वडगाव मावळ लागते. आज हा सारा पट्टा कारखाने, गोदामे आणि गृहसंकुले यांनी भरून गेला आहे. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील तरुण रात्री-अपरात्री परदेशी ग्राहकांशी बोलत असतात. चाकणला तयार झालेल्या मोटारी बंदरावर जाऊन जहाजांत चढतात. या दोन्हींच्या आधाराने वाकड, थेरगाव, चिंचवड परिसरातील किराणा, कापड, हार्डवेअर आणि सराफीची शेकडो दुकाने चालतात. या सर्वांचा चरितार्थ अखेर राष्ट्रांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून आहे. हे संबंध बिघडले, तर त्याची झळ गल्ल्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही.

राष्ट्रे मोठे युद्ध टाळून वाटाघाटींकडे का वळली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना वाचकांची दृष्टी सहसा जिनिव्हा, व्हिएन्ना किंवा न्यूयॉर्ककडे जाते. ती जाणे योग्यच आहे. परंतु या प्रश्नाचा एक उत्तम धडा वाकडपासून पाऊण तासाच्या अंतरावर घडून गेला आहे. तो नीट वाचला, तर पुढील अडीचशे वर्षांचा जागतिक इतिहासही समजण्यास सोपा जातो.

जमाखर्चाच्या भाषेतील निरोप

महाराष्ट्राने युद्धाची किंमत फार पूर्वी मोजली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा संहार झाला. त्याची पहिली निश्चित वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे परंपरा सांगते. त्या पत्रात मृत सरदारांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि सुटा खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब तेवढा होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार आणि खुर्दा म्हणजे अगणित शिपाई व बुणगे. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या शोकाची नोंद अशी व्यापाऱ्याच्या परिभाषेत झाली. त्या खुर्द्याची मोजदाद मात्र कोणालाच करता आली नाही, आणि युद्धाच्या हिशेबातील खरी खोट नेमकी तेथेच आहे.

तळेगावची कोंडी

पानिपतानंतर अठरा वर्षांनी, पुन्हा जानेवारी महिन्यातच, मावळात दुसरा प्रसंग घडला. पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली आणि १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेचा तह केला. मदतीच्या मोबदल्यात इंग्रजांना साष्टी आणि वसई मिळणार होती. १७७३ च्या रेग्युलेटिंग कायद्यानुसार युद्ध आणि तह या बाबतींत मुंबईकरांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारची संमती घेणे आवश्यक होते. ती त्यांनी घेतली नाही. कलकत्त्याने सुरतेचा तह नाकारला, कर्नल अप्टन यांना पुण्याकडे पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. साष्टी इंग्रजांकडे राहावी, रघुनाथरावांनी नेमणूक घेऊन कोपरगावी राहावे आणि युद्धखर्चापोटी इंग्रजांना १२ लाख रुपये मिळावेत, असे त्यात ठरले.

मुंबईकरांना हा तह रुचला नाही. मुंबई इलाख्याचे उत्पन्न त्याच्या खर्चाला पुरत नसे आणि तूट बंगालच्या महसुलातून भरली जाई. युद्धाचा निर्णय मुंबईचा आणि त्याचे बिल कलकत्त्याचे, अशी ही व्यवस्था होती. दुसऱ्याच्या खात्यावर खर्च टाकता येत असेल, तर साहसाचा मोह आवरणे कठीण जाते. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून सुमारे ३,९०० सैनिकांची फौज रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघाली. तिच्याबरोबर सामानाचे सुमारे १९,००० बैल होते. बोरघाट चढून आल्यावर ही फौज दिवसाकाठी जेमतेम मैल-दोन मैल पुढे सरकत होती.

महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. इंग्रजांची रसद तोडणे आणि मागेपुढे सतत टोचणी लावणे, हा त्यांचा क्रम होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट ठार झाला. मराठ्यांनी शत्रूच्या या शूर अधिकाऱ्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले आणि त्याची समाधी वडगावात आहे. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा गाव जळालेले होते आणि दाणावैरण शिल्लक नव्हती. चिंचवड आणि खुद्द पुणेही याच रीतीने जाळून टाकण्याची तयारी आहे, अशी वार्ता त्यांच्या छावणीत आली. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात लोटल्या आणि माघार घेतली. दुसऱ्या दिवशी वडगावात ते पुरते वेढले गेले.

हा विजय निर्विवाद होता. परंतु जळालेल्या तळेगावातील घरे मावळच्या रयतेची होती, हेही त्याच पानावर नोंदवावे लागते.

सही झाली, तह टिकला नाही

वडगावात वाटाघाट सुरू झाली, तेव्हा आपल्याला असा करार करण्याचा अधिकारच नाही, तो कलकत्त्याचा आहे, असे इंग्रज प्रतिनिधींनी सांगून पाहिले. मराठ्यांनी ते मानले नाही. १६ जानेवारी १७७९ च्या सुमारास करारनामा झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख इंग्रजांनी परत करावा, बंगालहून येणारी फौज थांबवावी आणि रघुनाथरावांना स्वाधीन करावे, अशी कलमे ठरली. दोन इंग्रज अधिकारी ओलीस म्हणून ठेवण्यात आले. उरलेली फौज मुंबईकडे सुखरूप जाऊ देण्यात आली.

मुंबईला पोहोचताच तेथील सरकारने आणि पाठोपाठ गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांनी हा करार अमान्य केला. रघुनाथरावही काही महिन्यांत निसटून इंग्रजांच्या आश्रयास गेले. युद्ध पुन्हा पेटले आणि आणखी तीन वर्षे चालले.

ज्याने कर्जरोख्यांची कागदपत्रे हाताळली आहेत, त्याला येथील त्रुटी तत्काळ ध्यानात येते. सही करणाऱ्यास अधिकार नव्हता, त्याच्या वरिष्ठांस करार पाळण्यात काही लाभ नव्हता आणि कराराला जामीन कोणीच नव्हता. इंग्रजांची वर्तणूक विश्वासघाताची होती, यात संशय नाही. तरीही मुत्सद्देगिरीचा पहिला नियम याच प्रसंगातून दिसतो. वेढ्यात सापडलेल्याकडून लिहून घेतलेला कागद वेढा उठेपर्यंतच खरा असतो.

सालबाईची शिल्लक

पुढील तीन वर्षांत दोन्ही बाजूंना यश मिळाले आणि अपयशही मिळाले. १७८० मध्ये इंग्रजांनी अहमदाबाद घेतले, ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि वर्षअखेरीस वसईही घेतली. १७८१ मध्ये बोरघाट ओलांडू पाहणाऱ्या जनरल गॉडर्ड यांना मात्र हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी जबर नुकसान सोसून मागे फिरण्यास भाग पाडले. उत्तरेत महादजींनाही रात्रीच्या हल्ल्यात हार पत्करावी लागली. दक्षिणेत हैदर अलीने १७८० मध्ये पोल्लिलूर येथे इंग्रजी फौजेचा धुव्वा उडविला. फ्रान्स इंग्लंडशी लढत होता आणि अमेरिकेतील वसाहती हातच्या गेल्या होत्या. कंपनीचा खजिना रिता झाला. पैशासाठी हेस्टिंग्ज यांनी काशीचे राजे चेतसिंग आणि अयोध्येच्या बेगमा यांच्यावर जी जबरदस्ती केली, ती पुढे विलायतेत त्यांच्यावर महाभियोग चालला तेव्हा प्रमुख आरोपांत गणली गेली.

आता खर्च निर्णय घेणाऱ्याच्याच खात्यावर पडू लागला होता. तहाची बोलणी कलकत्त्याकडून सुरू झाली, हा योगायोग नव्हता. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे कंपनीतर्फे डेव्हिड अँडरसन आणि पेशव्यांतर्फे महादजी शिंदे यांनी तह ठरविला. पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख इंग्रजांनी परत करावा, साष्टी व लगतची बेटे त्यांच्याकडे राहावीत आणि रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपये मिळावेत, असे ठरले. इंग्रजांना व्यापाराच्या सवलती मिळाल्या. तहाच्या पालनास महादजी स्वतः जामीन राहिले. भडोच इंग्रजांच्या हातून महादजींकडे गेले.

हा ताळेबंद मांडून पाहावा. १७७६ मध्ये पुरंदरला इंग्रजांना साष्टी मिळतच होती, शिवाय १२ लाख रुपयेही मिळणार होते. सहा वर्षे लढून, हजारो माणसे गमावून आणि खजिना रिकामा करून १७८२ मध्ये त्यांच्या पदरी साष्टीच राहिली. पेशव्यांच्या बाजूलाही गादी वाचली, ही शिल्लक मोठी खरी. पण रघुनाथरावांना कोपरगावी बसविण्याची व्यवस्था पुरंदरलाच लिहिली गेली होती. जे टेबलाशी बसून मिळत होते, तेच रणांगणावरून फिरून पुन्हा टेबलाशी आले.

पुण्यात नाना फडणवीसांनी या तहाला मान्यता देण्यास घाई केली नाही. हैदर अली अजून इंग्रजांशी लढत होता, तोवर थांबण्यात फायदा होता. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर मरण पावला आणि १७८३ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या मंजुरीने व्यवहार पूर्ण झाला. नऊ महिन्यांचा हा विलंब त्या काळी अनेकांना जाचला असेल. परंतु या तहाने मराठे आणि इंग्रज यांच्यात जवळजवळ वीस वर्षे शांतता राखली. चार दिवसांच्या वेढ्यातून निघालेला वडगावचा करार चार महिनेही टिकला नाही.

संगमावरचा बंगला

सालबाईनंतर १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हे इंग्रजांचे वकील म्हणून पुण्यात आले. वाकडच्या कडेने वाहणारी मुळा पुढे जेथे मुठेला मिळते, त्या संगमावर त्यांची वसाहत उभी राहिली. गैरसमज झाला तर विचारायला माणूस जवळ असावा, ही साधी सोय म्हणजे राजदूतसंस्थेचा गाभा होय.

या व्यवस्थेचा शेवटही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. महादजी १७९४ मध्ये आणि नाना १८०० मध्ये गेले. यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. किमान ६,००० इंग्रजी पायदळ पदरी बाळगावे आणि त्यासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लिहून द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. हा बरोबरीच्या दोघांमधील समझोता राहिला नव्हता. तारण म्हणून दुकानच लिहून दिल्यासारखे झाले. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरचा तो बंगला जाळला गेला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. वाटाघाट आणि शरणागती या दोन्हींना कागदावर ‘तह’ असेच म्हणतात. फरक कलमांत असतो.

मंत्र्यांचा सल्ला

निर्णय घेणाराने किंमतही स्वतः मोजावी, हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. जैन पुराणपरंपरेतील भरत-बाहुबलीच्या कथेत दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकतात, तेव्हा दोन्हीकडील मंत्री एकत्र येऊन विचार करतात. हे दोघे बंधू चरमशरीरी आहेत, त्यांना अपाय होणार नाही, मरतील ते निरपराध सैनिक. म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशा तीन स्पर्धा दोन भावांतच व्हाव्यात, असे ते सुचवितात. ज्यांचा वाद, त्यांनीच त्याचा भार वाहावा, असे या सल्ल्याचे मर्म आहे. आधुनिक जगाला याच निष्कर्षापर्यंत पोहोचण्यासाठी फार मोठी किंमत द्यावी लागली.

केवळ व्यापार पुरला नाही

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील राष्ट्रांचा एकमेकांशी प्रचंड व्यापार होता. इंग्लंडचे नॉर्मन एंजेल यांनी त्या सुमारास असे प्रतिपादन केले, की परस्परांत गुंतलेल्या अर्थव्यवस्थांच्या काळात विजेत्यालाही युद्ध परवडणार नाही. हिशेब बरोबर होता. तरीही १९१४ मध्ये महायुद्ध झाले. ज्या सम्राटांनी आणि सेनापतींनी निर्णय घेतला, त्यांच्या मांडणीत व्यापाऱ्याचे नुकसान आणि शेतकऱ्याच्या मुलाचे प्राण या रकमा आल्याच नाहीत. त्या युद्धात परक्या भूमीवर पडलेल्या हिंदी सैनिकांची संख्या ७०,००० हून अधिक होती.

१९१९ चा व्हर्सायचा तह बऱ्याच अंशी वडगावच्या वळणाचा ठरला. हतबल झालेल्या जर्मनीकडून भरपाईचा बोजा लिहून घेण्यात आला आणि वीस वर्षांत त्याहून भयंकर युद्ध झाले. या युद्धांची देणी किती लांबली, हे बँकेच्या खातेवहीतून दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा अखेरचा हप्ता ब्रिटनने २००६ च्या डिसेंबरात फेडला. पहिल्या महायुद्धाच्या भरपाईशी निगडित रोख्यांची शेवटची रक्कम जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी दिली. लढणारे गेले, त्यांची मुले गेली; नातवंडे आणि पतवंडे व्याज भरीत राहिली.

जामिनाची व्यवस्था

१९४५ नंतर फरक पडला तो दोन कारणांनी. पहिले कारण अण्वस्त्रांचे. युद्धाचे मूल्य आता निर्णय घेणाऱ्याच्या स्वतःच्या घरादारापर्यंत पोहोचले. १९६२ मध्ये क्युबाच्या प्रश्नावर अमेरिका आणि सोव्हिएत संघ विनाशाच्या काठावर आले आणि परतले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संदेशवहनाची सोय झाली. संगमावरच्या वकिलाचे काम आता तारेने होऊ लागले.

दुसरे कारण संस्थांचे. युद्ध चालू असतानाच १९४४ च्या जुलैत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रे नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची रचना ठरविण्यासाठी जमली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे भारतीय शिष्टमंडळात होते. चलनांची घसरगुंडी आणि आयातीवरील भिंती यांनी युद्धाला खतपाणी घातले होते, तो अनुभव ताजा होता. १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि आणखी चार देशांनी कोळसा व पोलाद एका सामाईक व्यवस्थेखाली आणले. तोफा ज्या मालातून बनतात, त्याच मालाची वही एकत्र ठेवली, की गुपचूप युद्धाची तयारी करणे अवघड होते. फ्रान्स आणि जर्मनी त्यानंतर परस्परांशी लढलेले नाहीत.

याचे फळ या औद्योगिक पट्ट्याच्याही वाट्याला आले. पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचे साहाय्य लाभले. महायुद्धात जखमी सैनिकांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलेले पेनिसिलीन शांततेच्या काळात पिंपरीत बनू लागले. जेथील संग्रामदुर्ग १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाविरुद्ध दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवला, त्या चाकणला आज जर्मन मोटारींचे कारखाने आहेत.

आपल्या सीमांवर

भारतानेही हा मार्ग चोखाळला आहे. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात भारत-पाकिस्तान चकमकी झाल्या. तो वाद तीन सदस्यांच्या लवादाकडे सोपविला गेला. १९ फेब्रुवारी १९६८ च्या निवाड्याने वादग्रस्त भूभागापैकी सुमारे नव्वद टक्के भारताकडे राहिला. उरलेला भाग देण्यास देशात मोठा विरोध झाला, तरी सरकारने दिलेला शब्द पाळला. बांगलादेशाशी २०१५ मध्ये सरळ अदलाबदल झाली. भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ वेढलेल्या वस्त्या एकमेकांच्या भूमीत विलीन झाल्या आणि दशकानुदशके कोणत्याच देशाचे पूर्ण नागरिक नसलेल्या हजारो माणसांना ओळख मिळाली. त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही, म्हणूनच ती बातमी लवकर विसरली गेली.

याचा अर्थ युद्ध संपले, असा नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. भाडे वाढले, माल उशिरा पोहोचला आणि निर्यातदारांचे पैसे अडकले. जेथे निर्णय एकाच्या हाती आणि नुकसान दुसऱ्याच्या माथी असते, तेथे १७७८ सालची मुंबई आजही जिवंत आहे.

व्यापारी घराण्यांना वाटाघाट परकी नाही. भागीदारी फुटताना, वाटणी होताना, उधारी थकली असताना कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी चार जाणते बसविले जातात. समोरच्याला पुरता नागवून घेतलेली सही टिकत नाही आणि दोघांनाही काही घेऊन उठता आले तरच पुढचा व्यवहार होतो, हे तेथे सर्वांना ठाऊक असते. शत्रूचा एकदाचा निकाल लावा, अशी हाक जेव्हा उठते, तेव्हा देशाच्या बाबतीतही तेच दोन प्रश्न शांतपणे विचारावेत. हा खर्च कोणाच्या खात्यावर पडणार आहे? आणि शेवटी कागदावर सही करणाऱ्याला ती पाळण्याचा अधिकार आणि गरज, दोन्ही आहेत काय?